विडीचा हिशेब



सोलापूरची चादर दूरदेशीच्या गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे. सोलापूरची विडी मात्र ती ओढणाऱ्यालाही ठाऊक असतेच असे नाही. त्या विडीचा हिशेब आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. तंबाखू घातक आहे, याविषयी वाद उरलेला नाही. आमचा प्रश्न एवढाच, की शेतापासून पानपट्टीपर्यंतच्या वाटेवर भाव कोण ठरवतो आणि झीज कोण सोसतो?

तंबाखू मूळची परदेशी. पोर्तुगीजांमागून ती इकडे आली, आणि अकबराचा वकील असदबेग याने ती आपल्या शेजारच्या विजापुराहून मोगल दरबारी नेली. आज विडीची तंबाखू मुख्यत्वे निपाणी आणि गुजरातेतील चरोतर या मुलखांत पिकते. शेतकरी झाडाचा शेंडा खुडतो, बगलेतले फुटवे काढतो. तेव्हा कुठे कस पानात उतरतो. वाळलेला माल वखारीत जातो. तिथे तो कुटण्या-चाळण्याचे काम बायका करतात आणि खाट त्यांच्या छातीत बसते. भाव मात्र व्यापारी सांगेल तो. रास्त भावासाठी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीला पुणे-बंगळूर रस्ता अडवला. गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणाला मुकले.

दुसरी वाट रानातून येते. ऐन वैशाखात चंद्रपूर-गडचिरोलीची माणसे तेंदूची पाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर तिथल्या काही ग्रामसभा हे पान स्वतः विकू लागल्या. माल विकणे हाती आले की भावाची बोलणी करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

पान आणि तंबाखू या दोहोंची गाठ सोलापुरात एखाद्या खोलीत पडते. खोली बहुधा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबाची. बाई कारखान्याच्या शाखेतून पान-तंबाखू तोलून आणते, पान भिजवते, कात्रीने मापात कापते, चिमूटभर तंबाखू घालून वळते, दोरा बांधते. मजुरी हजारावर. पान कमी पडले तर पदरचे घालायचे, आणि बाद ठरलेल्या विड्यांचे दाम मिळायचे नाहीत, ही कामगारांची जुनी तक्रार आहे. जागा तिची, दिवा तिचा, हाताखाली मुलगी तिची. यांतले काही मालकाच्या वहीत चढत नाही.

घरी बसून वळणारी बाईही कामगारच, हे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मान्य केले. १९७६ साली विडीवरील उपकरातून कल्याण निधी उभा राहिला. दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांना साहाय्य त्यातून मिळे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला.

मंडळी, या गावातल्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तेव्हा कित्येक घरांची चूल या हजारी मजुरीवर पेटली. घर हाच कारखाना असल्यामुळे या बायकांनी घरासाठीच लढा दिला. नरसय्या आडम मास्तर यांच्या पुढाकाराने कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरकुले उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतरण झाले. आपण ज्याला सहज ‘विडी घरकुल’ म्हणतो, त्यामागे एवढी चिकाटी आहे.

विडी कमी व्हावी, असे आम्हांसही वाटते. पण गिरण्या गेल्या तशी ती एक दिवस गेली, तर पहिला फटका कुणाला बसेल? व्यापारी दुसरा माल भरील. वळणाऱ्या बाईच्या हातात मात्र दुसरे कसब कुणी दिलेले नाही. म्हणून आमचे मागणे असे, की जोवर हे काम आहे तोवर पुरते पान आणि पुरती मजुरी मिळावी. आणि तिच्या मुलीला दुसरे काम शिकवण्याचा खर्च या धंद्याने आणि सरकारने मिळून उचलावा. गावानेही हा प्रश्न आपला मानावा.