पऱ्हाटीचं मोल

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यातले बरेचजण कास्तकारांच्या घरचे. माझी नोकरी कागद उद्योगात झाली, पण आजचा विषय आपल्या वावरातलाच आहे : सेल्युलोज.

झाडाझुडपांना ताठ उभं ठेवणारा हा पदार्थ. 1838 मध्ये आन्सेल्म पायेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं तो वेगळा काढून ओळखला. लाकडात तो निम्म्याच्या आसपास असतो, कापसाच्या धाग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त. म्हणजे अकोला-अमरावतीची काळी जमीन दरवर्षी जवळपास शुद्ध सेल्युलोज पिकवते.

आपण मात्र रुईच मोजतो. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी सरकी. सरकीचं तेल आणि ढेप सगळ्यांना ठाऊक आहे. पण सरकीला चिकटलेली बारीक लव, म्हणजे लिंटर, हेही सेल्युलोजच. ते शुद्ध केलं की त्यातून उंची कागद आणि चष्म्याच्या फ्रेमचं प्लास्टिकसुद्धा होतं. आपल्या खिशातल्या नोटेचा कागदही कापसाचाच आहे.

उलंगवाडी झाली की मागे उरते पऱ्हाटी, एकरी साधारण एक टन. थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर पेटते. मुंबईत माटुंग्याला 1924 मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे आजच्या सिरकॉटनं, याच पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याची पद्धत बसवली आहे. एकही झाड न तोडता टेबल-कपाटाच्या फळ्या होतात.

मग अडतं कुठे? वाहतुकीत. ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन थोडंच, भाड्यातच पैसा जातो. म्हणून तिचे बारीक तुकडे गावातच व्हायला पाहिजेत. शिवाय माल दोन-तीन महिन्यांत येतो आणि कारखाना बारा महिने चालतो. तेव्हा पावसापासून वाचवणारं गोदामही लागेल.

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडे काय केलं, ते विसरता येत नाही. ही अळी उभ्या पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत दडून राहते. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा, असं कृषितज्ज्ञ सांगतात. नुसती उपटून गंजी लावली तरी अळी तिथे राहतेच; लगेच तुकडे करणं बरं. पऱ्हाटीला भाव मिळाला तर हा सल्ला कास्तकाराला परवडेल.

इंग्रजांच्या काळी खामगाव-मूर्तिजापूरहून रेल्वेनं कापूस बंदराकडे जायचा आणि कापड विकत यायचं. पऱ्हाटीचं तसं होऊ नये.

आपल्यात बँकेतले आहेत, इंजिनिअर आहेत, जिनिंगवाले आणि शेती करणारेही आहेत. तुकडे करणारं यंत्र एकट्याच्या आवाक्याबाहेर असेल, गटाच्या नाही. एक गाव घेऊ, एक हंगाम चालवू. डिझेल, मजुरी, वजन, भाव सगळं वहीत लिहू. आकडे जुळले तर दुसरं गाव घेऊ. ज्यांना पऱ्हाटी बारीक करून जमिनीतच जिरवायची आहे, त्यांनी खुशाल जिरवावी. पेटवू मात्र नका.