उरले ते टाकू नये, सडले ते ठेवू नये
(कौंडण्यपूर येथील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विदर्भकन्या रुक्मिणीचे माहेर म्हणून ज्या कौंडण्यपूरचे नाव आपण आदराने घेतो, तेथे आज एका अगदी घरगुती विषयावर बोलावयाचे आहे. तो विषय म्हणजे उरलेल्या फळांचा जॅम.

वर्धा नदीकाठच्या या गावी कार्तिकात यात्रा भरते. एकादशीचा उपवास होतो, पौर्णिमेची पूजा होते. याच सुमारास वरुड-मोर्शीकडील आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात आणि पेरूही गोड होऊ लागतात. मग घराघरांतील टोपलीत दोन केळी, अर्धी पपई, चार बारकी संत्री आणि एखादे सुरकुतलेले सफरचंद उरते. तिसऱ्या दिवशी हे सारे उकिरड्यावर जाते. डिसेंबरात झाडाला पाण्याचा ताण देण्यापासून पुढच्या दिवाळीच्या आगेमागे होणाऱ्या तोडणीपर्यंत शेतकऱ्याचे जवळजवळ एक वर्ष या बहारात जाते. त्याचे फळ आपण तीन दिवसांत फेकावे, हे संस्कारी घराला शोभते काय?

फळ साखरेत टिकविण्याची विद्या आपल्याला नवी नाही. साखरांबा, गुळांबा, मुरांबा ही नावे आपल्या ओठांवर आहेत. ‘मुरांबा’ हा शब्ददेखील ‘मुरब्बा’ या अरबी शब्दावरून आलेला आहे. पण आपल्या गृहिणींनी तो असा आपलासा केला की, त्याचे परकेपण आज कोणाला जाणवतही नाही. तेव्हा जॅम या नावाने बिचकण्याचे कारण नाही. त्यामागील शास्त्र मात्र समजून घेतले पाहिजे.

जॅम आळतो तो तीन गोष्टींच्या मेळाने : फळातील पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. पेरू व सफरचंद यांत पेक्टिन भरपूर असते. केळी व पिकलेली पपई गर देतात. पण केवळ त्यांच्या बळावर जॅम नीट धरत नाही. म्हणून एकूण गरात निम्मा भाग पेरू-सफरचंदाचा असावा, केळी पाव भागाहून अधिक नसावीत. पेरू थोड्या पाण्यात शिजवून चाळणीने गाळावा, म्हणजे बिया निघतात. संत्र्याच्या फोडींची साले व बिया काढाव्यात. त्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून गर शिजताना सोडाव्यात; त्यांतील पेक्टिन उतरते. साखर घालण्यापूर्वी पुरचुंडी काढून घ्यावी, अन्यथा कडवटपणा येतो.

एक किलो गरास पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस हे प्रमाण धरावे. भांडे स्टीलचे, जाड बुडाचे असावे. अ‍ॅल्युमिनियमचे किंवा बिनकल्हईचे पितळी नको. सतत ढवळत आटवावे. पावणेदोन किलोचे मिश्रण आटून सुमारे तेराशे ग्रॅम उरले की जॅम झाला. गार बशीवर थेंब टाकावा. थंड झाल्यावर बोटाने सारताच त्यावर सुरकुती पडली, तर तो आळला असे समजावे. काचेच्या बाटल्या पंधरा मिनिटे पाण्यात उकळून कोरड्या कराव्यात, जॅम गरम असतानाच भरावा आणि झाकण घट्ट लावावे. उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवावी आणि चमचा नेहमी कोरडा असावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. काटकसर म्हणजे कसेही करून वाचविणे नव्हे. सुरकुतलेले, डागाळलेले, अतिपिकलेले फळ चालेल. त्याचा दबलेला भाग कापून टाकावा. पण ज्यावर बुरशी आली, ज्याला आंबूस वास आला, ते फळ संपूर्ण टाकावे. सफरचंदावरील बुरशीचे विष उकळूनही पुरते जात नाही. साखर चांगले फळ टिकविते, सडलेले फळ चांगले करीत नाही. प्रसादाच्या फळालाही हाच नियम लागू आहे. ज्या लेकरांच्या पोळीवर हा जॅम जाणार, त्यांच्या प्रकृतीपुढे चार रुपयांची बचत क्षुल्लक आहे. शिवाय जॅममध्ये निम्म्याहून अधिक साखर असते, हेही विसरू नये. तो चमचाभरच द्यावा. ताज्या फळाची जागा त्याला देऊ नये.

याच तिवसा तालुक्यात, मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गाव स्वावलंबी करण्याचा ध्यास घेतला. बचत गटाच्या भगिनींनी मनावर घेतले, तर भाव पडल्यावर मातीमोल होणारी बारकी संत्रीही कामी येतील. मात्र विक्री करावयाची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी, बाटलीवर तारीख व घटक हवेत. आपल्या नियमांनुसार जॅममध्ये फळाचा अंश साधारणतः किमान ४५ टक्के असावा लागतो. वर सांगितलेल्या प्रमाणात तो त्याहून पुष्कळ अधिक भरतो, आणि घरच्या मालाचा अभिमान बाळगावा तो येथे.

पुढच्या सणाला पूजा आटोपताच टोपलीत हात घालावा, तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. चांगले ते त्याच दिवशी निवडावे, वाईट ते त्याच दिवशी दूर करावे. एवढी शिस्त प्रत्येक घराने अंगी बाणवावी, हीच आपणा सर्वांना विनंती.