दोन जंगलांच्या मधला रस्ता

(हिवाळी व्याख्यानमालेत गुंफलेले पुष्प)



पत्रिकेवर विषय छापलाय 'हिवाळ्यातली जंगलसफर : ताडोबा, पेंच, कान्हा'. वाघांचे फोटो आणलेत, दाखवीन. (टाळ्या) कोअर म्हणजे काय, बफर म्हणजे काय, जिप्सीचं बुकिंग कधी उघडतं, हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते या जंगलांच्या मधल्या रस्त्याबद्दल. ताडोबाहून निघालं की चिमूर, उमरेड, नागपूर, मनसर, खवासा, शिवनी आणि मग कान्हा. पहाटेच्या सफारीसाठी उठलेलो असतो, म्हणून हा सगळा टप्पा आपण गाडीत झोपून काढतो. माझं ठाम मत आहे की वाघाचं भवितव्य ठरतं ते याच टप्प्यात.

असं का, ते सांगतो. वाघीण बछड्यांना दोनेक वर्षं सांभाळते. मग त्यांना स्वतःचा मुलूख शोधावा लागतो, आणि ताडोबासारख्या भरलेल्या जंगलात तरुण नराला जागा मिळत नाही. तो निघतो. नाल्याच्या काठानं, झुडपी जंगलातून, शेतांच्या बांधांवरून चालत राहतो. हिवाळ्यात तूर पुरुषभर उंच असते, कपाशी उभी असते, त्याला आडोसा मिळतो. नेमक्या त्याच दिवसांत कृषिपंपाला रात्रीची वीज येते म्हणून शेतकरी हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन बाहेर पडतो, कुणी रानडुकरांपायी जागलीला बसतो. वाघ आणि माणूस एकाच धुऱ्यावर येतात ते असे.

टिपेश्वरचा 'वॉकर' तुम्हाला आठवत असेल. (मागून आवाज : "आधी फोटो दाखवा!") दाखवतो, दाखवतो. हा वाघही बघण्यासारखाच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला नर. 2019 मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली, त्यामुळे तो कुठे आहे ते तासातासाला कळत होतं. जूनमध्ये त्यानं टिपेश्वर सोडलं. तेलंगणात आदिलाबादकडे गेला, परत फिरला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण चाल भरली 3,000 किलोमीटरच्या वर! चालायचा मुख्यतः रात्री. दिवसा एखाद्या झुडपात पडून राहायचा. रानडुक्कर मारायचा, कधी गुरं. तो विसावला होता त्या झुडपात माणसं शिरली तेव्हा एक जण जखमी झाला. तेवढं सोडलं तर एवढ्या माणसांच्या मुलखातून तो गेला आणि गंभीर संघर्ष झाला नाही. गावंच्या गावं झोपेत होती आणि वाघ शिवारातून निघून जात होता. आणि ज्ञानगंगेत त्याला काय मिळालं? शिकार होती, पाणी होतं, वाघीण नव्हती. टिपेश्वर आणि ज्ञानगंगा, दोन्ही अभयारण्यं नकाशावर हिरवी आहेत. मधलं शिवार कुठल्याच नकाशात वाघाचं नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. वॉकरनं माझा बराच वेळ खाल्ला. (हशा)

पेंचकडे येतो. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करायचं ठरलं तेव्हा वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी खांबांवर उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली. सगळ्यांत लांब वाट 750 मीटरची. वर ट्रक धडधडत असताना जनावर खालून जाईल का, ही शंका पुष्कळांना होती. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं खाली कॅमेरे लावले. 2019 मध्ये 18 जातींचे वन्यप्राणी त्यांत टिपले गेले. वेगवेगळे 11 वाघ, मिळून 89 वेळा! चितळ, रानडुक्कर, रानकुत्रे, सगळे जातात.

पहिल्या रांगेत एक गृहस्थ मान हलवताहेत. साहेब, मी रस्त्यांच्या विरोधात नाही. त्याच महामार्गानं मीही जातो. चंद्रपूर जिल्ह्यात ज्यांच्या घरातलं माणूस वाघानं नेलं, त्यांच्या दुःखाला मी कमी लेखत नाही. म्हणून तर म्हणतो, वाघाची वाट मोकळी ठेवा. वाट तुटली की तो वस्तीकडे ढकलला जातो.

आता कान्हा, झटपट. डिसेंबरातल्या पहाटे कान्ह्याच्या मैदानावर गवतावर पांढरं हिव पडलेलं असतं. बारशिंग्यांचे माजाचे दिवस. नर शिंगं खाली घालून गवतात खुपसतो, झटका देऊन उपटतो. मान वर करतो तेव्हा शिंगांवर ओल्या गवताचा भारा अडकलेला असतो, दोन-चार काड्या डोळ्यांवर लोंबत असतात आणि नाकातून वाफा निघत असतात. तसाच तो माद्यांसमोरून चालत जातो. (हा फोटो बघा. टाळ्या) कडक जमिनीवर राहणाऱ्या या बारशिंग्याची संख्या 1970 मध्ये कान्ह्यात 66 वर आली होती. कुंपण घालून, कुरणं राखून वन खात्यानं तो वाचवला. पण सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवल्यासारखं ते झालं. एक साथ आली की संपलं. दुसरीकडे वसवायचा तर चालत जायला त्याला सलग कुरणच उरलं नव्हतं. 2015 मध्ये काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेले, ते ट्रकमधून. वाघ निदान तुरीतून वाट काढतो. बारशिंग्याला तेही जमत नाही.

तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, एकीलाच उत्तर देतो. "आम्ही इथे बसून काय करायचं?" चांगलं विचारलंत. चंद्रपूर-गोंदिया रेल्वेमार्ग जंगलातून जातो. नोव्हेंबर 2018 मध्ये चंद्रपूरजवळ त्या रुळांवर वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. जंगलातल्या पट्ट्यात रात्री गाड्यांचा वेग कमी ठेवा आणि रुळांखालून वाटा करा, एवढी मागणी लिहून मी निवेदन आणलंय. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवलंय. नावापुढे पत्ता पूर्ण लिहा, पिनकोडसकट.