उक्ते काम आणि मालकाची जबाबदारी



व्यवहारातील शिस्त आपल्या कारंज्याला नवी नाही. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली येथेच सुरू झाला. वजन, अडत, हिशेब यांविषयी आपण चोख असतो; परंतु मजूर ठेकेदाराकडून आणविले म्हणजे त्यांच्याशी आपला संबंध उरला नाही, अशी समजूत आपल्यापैकी पुष्कळांची आहे. माझीही होती.

काही वर्षांपूर्वी माझ्या लहानशा जिनिंगमध्ये रेच्यावर काम करताना एका मजुराची दोन बोटे गेली. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, म्हणून मी त्याला ठेकेदाराकडे पाठविले. पुढल्या हंगामात ठेकेदार दिसलाच नाही. वकिलांनी कायदा वाचून दाखविला, तेव्हा माझे डोळे उघडले.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे कलम 12 असे होते की, आपल्या धंद्याचाच नित्य भाग असलेले काम ठेकेदाराकरवी करविले आणि आपल्या आवारात मजुरास इजा झाली, तर तो जणू आपलाच नोकर आहे असे समजून भरपाई आपण द्यावयाची. ती ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क आपणांस आहे. पण ज्याच्याजवळ काही नाही त्याच्याकडून काय वसूल करणार? 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. ‘भरपाई मागणार नाही’ असे मजुराकडून लिहून घेणारे हुशार लोकही आहेत. तो कागद कायद्यापुढे टिकत नाही.

रेचा चालविणे, गाठी बांधणे ही आमची नित्य कामे. उलट, गवंड्याने उक्ती भिंत बांधली, तर बांधकाम हा आमचा धंदा नव्हे. तेथे हे तत्त्व सहसा लागू होत नाही. तथापि उघडी वीजतार आपली असेल, तर त्या हयगयीचा जाब आपणच देणार. शिवाय करारात ‘स्वतंत्र ठेकेदार’ असे लिहिल्याने कोणी स्वतंत्र होत नाही. कोणते काम, एवढेच आपण सांगितले, की ते कसे करावे हेही पदोपदी आपणच सांगत होतो, हे न्यायालय पाहते.

आता ठेका देण्यापूर्वी मी ठेकेदाराचा विमा पाहतो, माझ्या विम्यात त्याचे मजूर येतात की नाही हे विचारतो, आणि त्यांची नावे माझ्याही वहीत उतरवितो. बोटे गेलेल्या त्या मजुरास भरपाई शेवटी मीच दिली. विलंब माझा होता, म्हणून शेकडा 12 दराने व्याजही भरले.