एकास बारा

शहरांतील बहुतेक इमारतींच्या दाराशीं दोन-तीन पायऱ्या असतात. पावसाचें पाणी आंत शिरूं नये म्हणून जोतें उंच घ्यावें लागतें, आणि जोतें उंच घेतलें कीं पायऱ्या आल्याच. त्या बांधतांना गवंड्याच्या मनांत कोणास अडविण्याचा हेतु नसतो. तरी पण चाकांच्या खुर्चींत बसून येणाऱ्या मनुष्यास त्या भिंतीसारख्याच असतात. तो परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो, हिशेब उत्तम करतो. परंतु हिशेबाचें टेबल पायऱ्यांच्या पलीकडे असतें. अशा वेळीं लोक हळहळून म्हणतात, "बिचाऱ्याचे पाय गेले, आतां त्याला नोकरी कशी जमणार?" या हळहळींत सद्भावना आहे, पण कारणमीमांसा चुकली आहे. त्याची नोकरी दारांतल्या दीड फूट उंचीपाशीं अडली आहे, आणि ती उंची माणसानेंच बांधलेली आहे.

यावरील उपायास सर्वत्र रॅम्प म्हणतात. साध्या मराठींत उतार. त्याचें गणित अगदीं सोपें आहे. १ इंच चढण्यास निदान १२ इंच लांबी असावी, असा दंडक भारतासह अनेक देशांच्या नियमांत आहे. म्हणजे ६ इंचांच्या एका पायरीस ६ फूट, आणि तशा तीन पायऱ्यांस १८ फूट. हा आंकडा गृहसंस्थेच्या सभेंत निघाला कीं चिटणीस दचकतात, कारण दाराशीं १८ फूट मोकळी जागा असते कोणाकडे? मग तडजोड होते. पायऱ्यांच्या एका अंगास सिमेंटची घसरगुंडी बांधली जाते. तिच्यावरून सभासदांच्या दुचाक्या झोकांत वर चढतात, आणि इमारत आतां अपंगांसाठीं सुगम झाली असें इतिवृत्तांत नोंदविलें जातें. प्रत्यक्षांत त्या चढावर स्वतःच्या हातांनीं खुर्ची रेटणें अशक्य असतें, आणि उतरतांना मनुष्य पुढें तोंडावर पडण्याची भीति असते. पायऱ्या निदान प्रामाणिक असतात. असा उतार या म्हणून बोलावतो आणि अर्ध्यावर दगा देतो.

जागा थोडी असली तर उतार वळवितां येतो. ९ फूट पुढें, मग सपाट थांबा, मग ९ फूट उलट दिशेस. खंडाळ्याच्या घाटांतला रस्ता असाच चढतो. दोहों बाजूंस धरावयास कठडा हवा, आणि फरशी खरखरीत हवी. गुळगुळीत ग्रॅनाइट बसविण्याची सध्यां फार आवड आहे. पहिल्या पावसांत त्या दगडावर धडधाकट माणसाचाही पाय ठरत नाहीं.

"एवढा खटाटोप कशाला? चारजण मिळून उचलून नेऊं कीं!" असा उदार प्रस्ताव अशा चर्चेंत हटकून येतो. माणुसकीचा हा भाग खोटा नव्हे. पण रोज सकाळीं दहा वाजतां चार माणसें गोळा होईपर्यंत रस्त्यावर थांबावें लागणें, आणि सायंकाळीं पुन्हां तसेंच, याचा अर्थ असा कीं त्या मनुष्याचें येणें-जाणें दुसऱ्यांच्या सवडीवर चालतें. उपकार एकदां घेतां येतो. वर्षांतून तीनशें वेळां घेतां येत नाहीं.

आपल्या येण्या-जाण्याची मुखत्यारी आपल्याच हातीं असावी, हा आग्रह अमेरिकेंत ज्यांनीं जोरानें धरला त्यांत एड रॉबर्ट्स यांचें नांव अग्रभागीं येतें. चौदाव्या वर्षीं पोलिओ होऊन त्यांचें मानेखालील शरीर जवळजवळ निश्चल झालें. रात्रीं श्वास चालूं ठेवण्यासाठीं त्यांना लोखंडी पेटीसारख्या यंत्रांत निजावें लागे. १९६२ सालीं ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत दाखल झाले, तेव्हां वसतिगृहांत त्या यंत्राची सोय होईना. म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयांतच त्यांची राहण्याची व्यवस्था करण्यांत आली. राज्याच्या पुनर्वसन खात्यानें तर हा तरुण नोकरीस लायक होणें शक्य नाहीं असा शेरा मारून प्रथम मदत नाकारली होती. १९७० नंतरच्या दशकांत तेच रॉबर्ट्स त्याच खात्याचे संचालक झाले. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं केलेल्या चळवळीमुळें बर्कलीच्या पदपथांच्या कडा चौकाचौकांत उतरत्या केल्या गेल्या. आणि मग बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सामानाच्या गाड्या ओढणारे हमाल, गुडघे धरलेले वृद्ध, सारेच त्या कडांवरून जाऊं लागले.

दृष्टिहीनांसाठीं अशीच एक युक्ति जपानांत निघाली. सेइइची मियाके यांनीं १९६५ सालीं उंचवट्यांची फरशी तयार केली, आणि १९६७ मध्यें ओकायामा शहरांतील अंधशाळेजवळ ती प्रथम रस्त्यावर बसली. आज या फरशीची भाषा सर्वत्र ठरून गेली आहे: लांबट पट्ट्या म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढें कांहीं आहे. मेट्रोच्या स्थानकांत आणि रेल्वेच्या अनेक फलाटांवर दिसणारी पिंवळी पट्टी ती हीच. ती शोभेची नक्षी आहे अशी पुष्कळांची समजूत दिसते. एरवीं तिच्यावर बोचकीं ठेवून कोणी गप्पा मारीत उभे राहते ना, किंवा पदपथावर बसविलेली पट्टी विजेच्या खांबास नेऊन भिडविली गेली नसती. पांढऱ्या काठीनें पट्ट्या चांचपीत येणाऱ्या मनुष्यानें तेथें काय अर्थ घ्यावा?

कायदा या बाबतींत मागें नाहीं. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते; २०१६ च्या कायद्यांत ते एकवीस झाले. सरकारी नोकऱ्यांत निदान ४ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. सार्वजनिक इमारती सुगम करण्यास पांच वर्षांची मुदत दिली गेली, आणि २०१७ च्या जूनमध्यें नियम निघाल्यामुळें ती २०२२ च्या जूनमध्यें संपली. पुढें नोव्हेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सुगमतेचे हे नियम निव्वळ शिफारशींच्या स्वरूपाचे असून मूळ कायद्याशीं विसंगत आहेत असा निर्णय दिला, व सक्तीचे नियम तीन महिन्यांत करण्यास सरकारला सांगितलें. पण न्यायालय मोजपट्टी घेऊन प्रत्येक दाराशीं येऊं शकत नाहीं.

शिवाय दाराच्या आंत गेल्यावरही कांहीं पायऱ्या असतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहींत. पुष्कळ दृष्टिहीन कर्मचारी आज संगणकावर सहज काम करतात, कारण पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. परंतु कचेरींतलें परिपत्रक छापून, सही करून, त्याचें छायाचित्र पाठविलें गेलें, तर त्या प्रणालीस त्यांत एकही अक्षर सांपडत नाहीं. मराठीची अडचण तर आणखी निराळी. जुन्या पद्धतीच्या कांहीं टंकांत पडद्यावर दिसते देवनागरी, पण संगणकाच्या पोटांत असतात रोमन अक्षरें. यंत्र तींच वाचूं लागतें आणि कर्मचाऱ्याच्या कानीं निव्वळ खडखडाट येतो. तोच मजकूर युनिकोडमध्यें टंकून मूळ स्वरूपांत पाठविण्यास एक पैही जास्त लागत नाहीं.

सेवेंत असतांना अपंगत्व आलें तर सरकारी कर्मचाऱ्यास कामावरून काढतां येत नाहीं, त्याचा दर्जाही उतरवितां येत नाहीं. तें काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचें दुसरें काम द्यावें लागतें. २०१६ च्या कायद्यांतील हें कलम फार मोलाचें आहे. अपघातानंतर असा मनुष्य कामावर परत येतो. टेबल मिळतें, पगार मिळतो, सहकारी प्रेमानें वागतात. स्वच्छतागृहाचें दार मात्र अडीच फुटांचें असतें. खुर्ची निर्धोक आंत जाण्यास तें तीन फुटांचें हवें, आणि वळण्यास आंत पांच फुटांच्या वर्तुळाएवढी जागा हवी. तो याविषयीं तक्रार करीत नाहीं. सकाळीं घरून निघतांना चहा घेत नाहीं, दिवसभर पाणी पीत नाहीं, आणि टेबलावर ठेवलेला पेला भरलेलाच राहतो.