डोंगर पोखरला की पाणी घरात येतं
(सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर गावसभेत केलेले भाषण)



मी बारावी शिकलेली पोरगी. भाषणाची सवय नाही. मागच्या महिन्यात आपल्या टेकडीवर गाडी आली, माणसं उतरली, दगडावर रंगाच्या खुणा करून गेली. तेव्हापासून पाड्यात दोन बोलणी चालू आहेत. कोणी म्हणतं, खदान आली तर ऊसतोडीला जावं लागणार नाही. कोणी म्हणतं, नको. म्हणून जिथं खाण झाली तिथलं आधी ऐका.

गोव्याच्या डोंगरात लोखंडाचा दगड आहे. पोर्तुगीजांनीच खाणींचे परवाने वाटले. तिथं आपल्यासारखेच गावडा, वेळीप लोक राहतात. एक टन लोखंडाचा दगड काढायला दोन-तीन टन दुसरी माती उकरावी लागते. ती उतारावर टाकली. पाऊस आला की लाल चिखल भातशेतात. खड्डा झऱ्यांच्याही खाली गेला, पंपाने पाणी उपसलं, गावच्या विहिरी आटल्या.

आणि रोजगार? लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. २०१२ साली बेकायदा खाणकाम उघडं पडलं, सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या. ट्रक दारात उभे, हप्ते चालूच.

सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात कळणे गाव आहे. गावाचा विरोध असताना खाण झाली. २९ जुलै २०२१ ला खाणीच्या कडेचा डोंगर खचला, खड्ड्यात साठलेलं पाणी गावात घुसलं. घरं, बागा, शेतं चिखलात. याला नैसर्गिक आपत्ती म्हणतात. पाऊस निसर्गाचा, पण खड्डा कोणाचा?

खाण नसतानाही डोंगर कोसळतो, हे खोटं नाही. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीची ठाकर वस्ती रात्री झोपेत दबली. नुसत्या पावसाने डोंगर सुटतो, तर सुरुंगाने काय होईल? आपल्याकडे कोकणाएवढा पाऊस नाही, पण एका रात्रीत नाला कसा फुगतो ते तुम्हाला माहीत आहे. आणि उन्हाळ्यात मी हंडा घेऊन जाते तो झरा त्याच टेकडीचा आहे.

ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने २०१३ साली सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा बसल्या, बाराही नाही म्हणाल्या. खाण झाली नाही. ते लोक आपल्याहून जास्त शिकलेले नव्हते.

२००६ चा वनहक्क कायदा जंगल, पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेला देतो. म्हणून तीन कामं करू. सामूहिक दाव्यात ही टेकडी, झरा आणि देवाची जागा नकाशासह लिहू. ठराव सगळ्यांसमोर, बायांसमोर वाचून मगच सह्या करू. कोऱ्या कागदावर अंगठा कोणीच देणार नाही.

ज्या पोरांना काम पाहिजे त्यांच्यावर माझा राग नाही. माझा भाऊही उसाला जातो. रोजगार हमीचं काम आपण मिळून मागू. पण टेकडी एकदा गेली की परत मागता येत नाही.

जोहार.