पाळणाऱ्यांसाठी चार शब्द



आपल्या बेने इस्राएल यहुदी समाजाचा गौरव आधीच्या वक्त्यांनी भरपूर केला आहे, तेव्हा ते काम माझ्याकडून सुटलं. मला आज फक्त पाळणाऱ्यांशी बोलायचं आहे. म्हणजे शब्बाथला विस्तव न पेटवणारे, कोशेर नसलेल्या मटणाला हात न लावणारे, आणि त्या बळावर शेजारच्या बाकावरच्या माणसाकडे जरा तिरकं बघणारे. मी त्यांच्यातलाच आहे.

शुक्रवारी संध्याकाळी सिनेगॉगमध्ये नऊ पुरुष जमलेले असतात. दहावा आल्याशिवाय मिनियान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेची गणसंख्या, होत नाही, शनिवारी सेफेर तोरा उघडायची वेळ आली तरी त्याच्यावाचून अडतं. तो दुकान बंद करून, ट्रॅफिकमधून स्कूटर काढत, सूर्य मावळल्यावर, म्हणजे शब्बाथ लागून वाहन चालवायची मनाई झाल्यावर, पोचतो. आणि आपण काय म्हणतो? "स्कूटर कुठं लावलीत?" ज्याच्यामुळे आपली तफिला, म्हणजे प्रार्थना, पुरी होणार, त्यालाच आपण दारात उलटतपासणीला उभं करतो.

दावीद राहाबीची कथा आपल्या घराघरांत सांगतात. तो नेमका कोण आणि कुठल्या शतकातला, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ते त्यांच्यावर सोडू. कथा अशी की कोकणात तो आला तेव्हा इथल्या शनवार तेल्यांना, म्हणजे आपल्या पूर्वजांना, हिब्रू येत नव्हतं, तालमूद ठाऊक नव्हता, हानुक्काचं नावही नव्हतं. शनिवारी घाणा बंद, आठव्या दिवशी सुन्नत, ओठांवर शेमा, एवढंच उरलेलं. त्यानं बायकांपुढं मिसळलेले मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले वेगळे काढले आणि त्याची खात्री पटली. राहाबीनं काय हरवलंय याची यादी केली नाही, काय टिकलंय ते पाहिलं. मग तिघांना शिकवून धर्मविधी चालवणारे काजी केलं. आज जे आपण स्वतःला धर्मनिष्ठ म्हणवतो, ते त्या बरंचसं न पाळणाऱ्यांचे वंशज आहोत.

न पाळणाऱ्याला जवळ करायला शास्त्रात आधार आहे का, असं विचारणारे सभागृहात असतील. भरपूर आहे. थोर धर्मशास्त्रकार रांबामनं बाराव्या शतकात, सक्तीनं धर्म बदलायला लावलेल्या यहुद्यांबद्दलच्या पत्रात लिहिलं की शब्बाथ मोडणाऱ्यालाही झिडकारू नये, जवळ करावं. परक्यांच्या हाती पडून वाढलेल्या मुलावर धर्म न पाळल्याचा दोष येत नाही, हा तालमूदातला विचार त्यानं कराईट पंथात जन्मलेल्यांना लावला. एकोणिसाव्या शतकात आल्टोनाचे रब्बी याकोब एटलिंगर यांच्यासमोर असे लोक होते, जे शुक्रवारी रात्री किद्दुश करत आणि शनिवारी सकाळी कामाला जात. अशांना जुन्या काळच्या बंडखोरांच्या रांगेत बसवायला त्यांनी नकार दिला. हाझोन इश तर बने ब्राकचे अतिशय कडक गृहस्थ; त्यांनीही आपल्या काळात प्रेमाच्या दोरीनंच ओढायला सांगितलं.

तरी मला एक गोष्ट खटकते. पकडून नेलेल्या मुलाचा हा दाखला दार उघडतो, पण मान देत नाही. साठ वर्षांचा, वाचलेला, विचार करून न पाळायचं ठरवलेला माणूस मूल कसा? तीच गत मंदिरातल्या धूपाची. त्यातल्या अकरा द्रव्यांपैकी एक दुर्गंधी होतं, म्हणून उपवासाच्या सभेत पापीही हवेत, असं तालमूद सांगतो. म्हणजे आपण सुगंधी आणि तो दुर्गंधी! त्यापेक्षा योम किप्पुरच्या, प्रायश्चित्ताच्या सणाच्या, संध्याकाळचा कायदा मला जवळचा वाटतो. आपल्या पूर्वजांनी त्या सणाला दारफाळणी म्हटलं, दारं लावून घरात राहिले. पण कोल निद्रे या त्या संध्याकाळच्या पठणाआधी बहुतेक सिनेगॉगांत, तेराव्या शतकापासूनच्या रिवाजाप्रमाणे, अपराध्यांसह तफिला करायची जाहीर परवानगी दिली जाते. त्या यादीत कोण, हे कुणी वाचून दाखवत नाही. मला वाटतं, मुद्दामच.

दाराबाहेर उभं राहणं आपल्याला नवं नाही. 1836 साली मुंबईच्या सामाईक दफनभूमीत आपल्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत हवी, अशी मागणी बगदादी यहुदी मंडळींनी केली. इस्राएलमध्ये 1962 साली रब्बिनेटनं आपल्या लग्नांआधी वंशाची चौकशी करायला सांगितलं. शंका काय, तर या लोकांना शास्त्रोक्त घटस्फोटाचे नियम माहीत नव्हते. आपले लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेतनं आपण सर्वार्थानं यहुदी असल्याचा ठराव केला. हे भोगलेल्या समाजात कुणी कुणाचं ताट तपासत बसावं, हे मला सोसत नाही.

आता व्यवहाराचं. भारतात आपण चार-पाच हजार उरलो. मांडवी-भायखळ्यातून ठाण्याला आणि त्याही पुढे गेलो, सिनेगॉग जागच्या जागी राहिलं. शब्बाथच्या जेवणाला बोलावलेला गाडीनं येणार हे माहीत असताना बोलवावं का? रब्बी मोशे फाइनस्टाइन नाही म्हणाले. मुक्कामाची सोय देऊन बोलवावं, मग तो कसा येतो ते त्याचं, असंही थोर रब्बींचं मत आहे. मी दुसऱ्या बाजूचा. गादी घाला आणि बोलवा. तो त्याच्या घरी बोलावेल तेव्हाही जा. मटण खायचं नसेल तर फळं खा, भांड्यांवर व्याख्यान देऊ नका. मलिद्याच्या विधीला तो येतोच, एलियाहू हन्नाबीचं नाव घेतो, डोळे मिटतो. तिथं त्याच्या हातून ताट घ्या.

हेखाल, म्हणजे सेफेर तोराचं कपाट, उघडायचा मान त्याला द्यावा, समितीवर त्याला घ्यावं, अंत्यविधीत त्याचा खांदा घ्यावा. पण तफिला चालवणारा शब्बाथ पाळणाराच हवा, यावर मी हटणार नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगायची माझी तयारी आहे. माझ्या ओळखीतले न पाळणारे बहुतेकजण हे ऐकून रागावत नाहीत. रागावतात ते स्कूटरच्या प्रश्नावर.